न्गोरोंगोरोच्या सिंहांची वंशावळ: एक प्रकरण अभ्यास

टांझानियाच्या उत्तर भागात न्गोरोंगोरो हे खचलेल्या ज्वालामुखीचं विवर आहे. तळ सुमारे २५० चौरस किलोमीटरचा आणि भोवती जवळजवळ ६०० मीटर उंचीच्या कडा. तळावर बारमाही पाणी आणि गवत असल्यामुळे विल्डबीस्ट, झेब्रे आणि रानम्हशी यांतले बहुतेक प्राणी जवळच्या सेरेंगेटी मैदानांतल्या कळपांसारखे दूरच्या स्थलांतराला जात नाहीत. शिकार वर्षभर हाताशी, म्हणून सिंहांचीही इथे दाटी.

१९६१ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत असाधारण पाऊस झाला आणि १९६२ मध्ये विवरात स्टोमॉक्सिस माश्यांचं पेव फुटलं. एरवी गुरांना चावणारी ही लहानशी माशी. त्या वर्षी मात्र तिच्या झुंडींनी सिंहांना इतकं फोडून काढलं की अंगभर जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या. माश्या चुकवायला सिंह झाडांवर चढून बसत, तरसांच्या बिळांत शिरत. शिकार करण्याचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. न्गोरोंगोरोचे तेव्हाचे संरक्षण अधिकारी हेन्री फॉसब्रुक यांनी या साथीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. साथ ओसरली तेव्हा विवरात दहा सिंह शिल्लक होते: नऊ माद्या आणि एक नर.

१९६४-६५ मध्ये बाहेरून सात नर विवरात उतरले. पुढच्या दहा वर्षांत संख्या ७५ ते १२५ च्या पट्ट्यात जाऊन पोहोचली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती या पट्ट्याच्या वरच्या टोकाला होती. शिरगणती करणाऱ्याच्या दृष्टीने प्रकरण इथेच सुखरूप संपतं. पण शिरगणतीच्या पुढे जाऊन कोणी विचारलं की हे शंभरेक सिंह नेमके कोणाचे, कोणत्या सिंहिणीची मुलं-नातवंडं टिकली आणि कोणाची वंशरेषा विझली, तर चित्र फार वेगळं दिसतं. सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर, ॲन प्युसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या विवराची जी वंशावळ मांडली तिचा निष्कर्ष असा की सगळी संख्या अवघ्या १५ पूर्वजांपासून आलेली आहे. दहा वाचलेले आणि सात आलेले मिळून सतरा. म्हणजे त्यांतल्याही दोघांचा वंश पुढे सरकला नाही.

गालावरचे ठिपके

वंशावळ लिहायची तर आधी प्रत्येक प्राणी ओळखता यायला हवा. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, बिबट्याच्या अंगावर ठिपके. सिंहीण मात्र लांबून दुसऱ्या सिंहिणीसारखीच दिसते. ही अडचण १९७० मध्ये पेनीक्विक आणि रुदनाई यांनी नैरोबी राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहांवर काम करताना सोडवली. सिंहाच्या गालावर मिशांच्या रांगा असतात आणि प्रत्येक मिशीच्या मुळाशी एक काळा ठिपका. सर्वांत वरच्या पूर्ण रांगेच्या वर आणखी एक अर्धवट रांग असते, तिच्यात मोजकेच ठिपके. हे मोजके ठिपके खालच्या रांगेतल्या कोणत्या ठिपक्याच्या वर किंवा कोणत्या दोहोंच्या मध्ये पडतात, हे प्रत्येक सिंहात वेगळं असतं. डावा गाल आणि उजवा गाल यांचाही मेळ नसतो. छाव्याच्या गालावर जे आहे ते म्हातारपणापर्यंत तसंच राहतं.

कानाची फाटलेली कड, नाकावरचा ओरखडा, तुटलेला सुळा या खुणाही नोंदवतात, पण त्या आयुष्यात भर पडत जाणाऱ्या खुणा. पाच वर्षांनी दिसलेली सिंहीण तीच आहे याची खात्री ठिपकेच देतात. वयाचा अंदाज नाकावरून येतो: लहानपणी गुलाबी असलेलं नाक वयाबरोबर काळं पडत जातं.

१९७० च्या दशकात डेव्हिड बायगॉट आणि जीनेट हॅन्बी यांनी आणि १९७८ पासून पॅकर आणि प्युसी यांनी सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो इथल्या सिंहांची अशी ओळखपत्रं तयार केली. विवराच्या बाबतीत एक विलक्षण सोय होती. पर्यटक तिथे आधीपासून येत होते आणि सिंहाचा चेहरा जवळून टिपण्याची हौस सगळ्यांनाच. असे जुने फोटो गोळा करून, गालावरचे ठिपके जुळवून, अभ्यास सुरू होण्यापूर्वीच्या काळातले काही सिंह ओळखता आले. ज्याने तो फोटो काढला त्याला आपण एका वंशावळीतला दुवा टिपतो आहोत याची कल्पनाही नसणार. मला या साऱ्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मूळ पुरुष आणि मूळ माता कोण हे ठाऊक नसतं तर पुढचं सगळं गणित अधांतरी राहिलं असतं.

आई कोण हे ठरवणं

आई ओळखणं सोपं असेल असं वाटतं. सिंहांच्या कळपात ते तसं नाही.

कळप म्हणजे मुळात माद्यांचं घराणं: आज्या, आया, मावश्या, बहिणी, मुली. मुली बहुधा आपल्या जन्मकळपातच राहतात. कळप फार मोठा झाला तर काही जणी मिळून शेजारी नवा कळप मांडतात. मुलगे दोन-तीन वर्षांचे झाले की बाहेर पडतात. सिंहीण सुमारे ११० दिवसांच्या गर्भानंतर आडोशाला जाऊन विते, बहुतेक वेळा दोन किंवा तीन छावे. चार ते सहा आठवडे ती त्यांना लपवून ठेवते आणि मग कळपात आणते. तिथे दुसऱ्या सिंहिणींचेही त्याच सुमाराचे छावे असतात. मग हे सगळे छावे एकत्र वाढतात आणि एकीचं पिल्लू दुसरीच्या सडाला लागतं.

याच ठिकाणी वरवर पाहणारा फसतो. सिंहिणी एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात हे खरं, पण सरसकट नाही. प्युसी आणि पॅकर यांच्या निरीक्षणात आलं ते असं: जागी असलेली सिंहीण आपल्या पिल्लांना मोकळेपणाने पिऊ देते आणि परक्याला गुरगुरून किंवा कूस बदलून दूर ठेवते. परकं पिल्लू संधी साधतं ते ती झोपेत असताना किंवा तिचीच पिल्लं पीत असताना, मधूनच घुसून. म्हणून ‘हा छावा हिच्या अंगावर प्यायला’ एवढ्या नोंदीवर आई ठरवता येत नाही. कोणती सिंहीण कधी गाभण दिसली, कळपातून कधी वेगळी झाली, तिच्या सडांभोवतीचे केस ओले कधीपासून दिसू लागले, ती किती छावे घेऊन परतली, अशा नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. दोन बहिणी एकाच आठवड्यात व्यायल्या आणि दोघींचे छावे एकदमच कळपात आले, तर नोंदवही हात टेकते. अशा जागी प्रामाणिक अभ्यासक प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातो. अंदाजाने भरलेली एक रेघ पुढच्या तीन पिढ्यांचा हिशोब बिघडवू शकते.

बाप कोण हे ठरवणं

कळपासोबत राहणारे नर बहुधा एकटे नसतात. दोन, तीन, कधी सात-आठ नरांची युती असते आणि ती मिळून कळपावर ताबा ठेवते. माजावर आलेल्या मादीला एक नर धरून बसतो आणि चार-एक दिवस तिच्यामागून हलत नाही. या दिवसांत त्यांचं मीलन इतक्या वेळा होतं की मोजणारा थकतो. तरी मध्येच जोडीदार बदलू शकतो आणि रात्री काय झालं ते कोणी पाहिलेलं नसतं. त्यामुळे निव्वळ निरीक्षणातून एवढंच लिहिता येई: ‘बाप या युतीपैकी कोणीतरी.’

१९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधली आणि काही वर्षांत ती सिंहांपर्यंत पोहोचली. सिंहाला भुलीचं इंजेक्शन मारून रक्त घ्यायचं, डीएनएचे तुकडे जेलवर पसरवायचे आणि उमटलेल्या पट्ट्या वाचायच्या. छाव्याची प्रत्येक पट्टी आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली असते. आईकडे नसलेल्या पट्ट्या ज्या नराकडे सगळ्या सापडतात तो बाप. ज्याच्याकडे सापडत नाहीत तो बाद.

१९९१ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनी तीन गोष्टी पक्क्या केल्या. तपासलेल्या छाव्यांचे बाप गर्भधारणेच्या वेळी कळपावर ताबा असलेल्या युतीतलेच निघाले, बाहेरचा कोणी नाही. एका वेतातले छावे जवळपास नेहमीच एकाच बापाचे होते. आणि तिसरी, या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: युती जितकी मोठी तितकी तिच्यातली पितृत्वाची वाटणी विषम. दोघांच्या युतीत दोघांनाही बऱ्यापैकी संतती मिळते. मोठ्या युतीत मात्र एक-दोन नर बहुतेक छाव्यांचे बाप होतात आणि काही नर आयुष्यभर राखणदारी करून निपुत्रिक राहतात. असं निपुत्रिक राहणं ज्या युत्यांत आढळलं त्या भावांच्या, चुलतभावांच्या होत्या. पुतण्यांमधून का होईना, त्यांचा अंश पुढे जातो. परक्यांच्या युतीत कोणी असं राबत नाही.

न्गोरोंगोरोत या पद्धतीचीही एक मर्यादा पुढे येते. सगळे नर एकमेकांचे जवळचे नातेवाईक असले की त्यांच्या पट्ट्या मिळत्याजुळत्या असतात आणि एका भावाला बाद करून दुसऱ्याला बाप ठरवणं अवघड होतं. जो वंश जास्त आकसला आहे, त्याचीच वंशावळ वाचायला जास्त कठीण.

यश कशात मोजायचं

किती छावे जन्मले हा आकडा फारसा बोलत नाही. सेरेंगेटीत निम्म्याहून बरेच जास्त छावे पहिलं वर्षही पार करत नाहीत. उपासमार, तरस, रोग ही कारणं आहेतच, पण पहिल्या वर्षातल्या मृत्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा नव्या नरांच्या हातून होतो. नवी युती कळपाचा ताबा घेते तेव्हा आधीच्या नरांची लहान पिल्लं मारते आणि अर्धवट वाढलेल्यांना हुसकावते. पिल्लं गेलेली आई लवकर पुन्हा माजावर येते. पिल्लं जगली असती तर पुढच्या वेतापर्यंत साधारण दोन वर्षं गेली असती.

छावा स्वतंत्र व्हायलाही दोन वर्षं लागतात आणि नरांचा ताबा सरासरी दोन-तीन वर्षांपुरताच टिकतो. म्हणजे एका नराला आपली संतती वाढवायला जेमतेम एक खेप मिळते. ताबा वर्षभरात सुटला तर झालेली पिल्लं बहुतेक वाया. म्हणून नराच्या प्रजननयशाचा खरा आकडा म्हणजे त्याच्या ताब्याच्या काळात वाढून मोठी झालेली पिल्लं. बायगॉट, बर्ट्रम आणि हॅन्बी यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की मोठ्या युतीचा ताबा जास्त काळ टिकतो, तिला जास्त माद्या मिळतात आणि दरडोई हिशोबातही तिच्या नरांना जास्त संतती होते.

चांगल्या दिवसांनी केलेलं नुकसान

आता हे सगळं न्गोरोंगोरोच्या तळावर ठेवून पाहा. शिकार मुबलक, म्हणून एका खेपेतले बरेच छावे जगतात. एका वयाचे बरेच मुलगे एकत्र बाहेर पडतात आणि त्यांची मोठी युती होते. ती युती एक कळप घेते, जमलं तर शेजारचाही. बाहेरून कडा उतरून येणाऱ्या दोघा-तिघा नरांचा तिच्यापुढे टिकाव लागत नाही. युतीची पिल्लं निर्धास्त वाढतात आणि त्यांतून पुन्हा मोठी युती तयार होते. १९६५ नंतर, १९९१ च्या अभ्यासापर्यंत, बाहेरच्या एकाही नराने विवरात पाय रोवल्याची नोंद नाही. कडा चढून-उतरून सिंह येऊ शकतात, १९६४-६५ मध्ये आलेही होते. दार बंद केलं ते आतल्या नरांच्या संख्येने.

याचा वंशावर होणारा परिणाम एका साध्या सूत्राने समजतो. प्रजनन करणाऱ्या नरांची आणि माद्यांची संख्या असमान असेल तर परिणामकारक संख्या (वैविध्य टिकवण्याच्या हिशोबात खरोखर भरणारी संख्या) म्हणजे नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले दोहोंची बेरीज. १९६२ चा एक नर आणि नऊ माद्या घेतल्या तर उत्तर येतं ३.६. डोकी दहा, पण आनुवंशिक वैविध्य राखण्याच्या दृष्टीने चारसुद्धा नाहीत. सात नर आल्यावर आठ आणि नऊ यांचं उत्तर जवळपास १७. त्या सात नरांची किंमत यावरून कळावी. पुढचं उदाहरण केवळ समजण्यासाठी: ४० माद्या आणि १० नर असतील आणि सगळ्या नरांना सारखी संतती होत असेल तर परिणामकारक संख्या ३२. त्याच ४० माद्यांच्या पिल्लांचे बाप तिघेच असतील तर ती ११ वर येते. उरलेले सात नर शिरगणतीत आहेत, वंशावळीत नाहीत.

पॅकर आणि सहकाऱ्यांनी वंशावळीवरून केलेल्या गणितात नेमकं हेच दिसलं. प्रजनन करणाऱ्या सिंहांमधलं आनुवंशिक वैविध्य १९७० च्या दशकाच्या मध्यापासून घसरत गेलं, म्हणजे संख्या भरून आल्यानंतर. मूळ पूर्वजांमध्ये वैविध्य किती होतं याबद्दल काहीही गृहीत धरलं तरी ही घसरण येतेच. कारण संततीची विषम वाटणी. १९६२ च्या माश्यांना सगळा दोष देणं म्हणून चुकीचं ठरतं. साथीने वंश अरुंद केला हे खरं, पण त्यानंतरच्या समृद्धीने तो आणखी आवळला, आणि तेही अगदी ‘यशस्वी’ सिंहांच्या हातून.

शरीरावर उमटलेली खूण

१९८७ मध्ये डेव्हिड वाइल्ड, स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी तीन ठिकाणच्या नर सिंहांचं वीर्य तपासलं. मोठ्या आणि मिसळत्या सेरेंगेटीत सदोष शुक्राणूंचं प्रमाण सुमारे चौथा हिस्सा होतं. न्गोरोंगोरोत ते निम्म्यावर गेलं आणि आपल्या गीरच्या सिंहांत दोन तृतीयांशांच्या आसपास. सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो एकमेकांच्या जवळ आहेत, तरी हा फरक. १९९१ च्या अभ्यासात विवरातल्या सिंहांची प्रजननक्षमता वैविध्याबरोबर घटत असल्याची चिन्हंही आढळली.

इथे मात्र सावध राहायला हवं. १९९० च्या दशकात विवरातली संख्या कोसळली आणि १९८३ ची पातळी पुढची अनेक वर्षं परत आली नाही. २००१ मध्ये कॅनाइन डिस्टेंपर या मूळच्या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाने पुन्हा तडाखा दिला. दुष्काळात दुबळ्या झालेल्या रानम्हशींवर गोचिड्या माजल्या होत्या आणि त्यांतून आलेल्या बॅबेसिया या रक्तातल्या परजीवीने सिंहांचा रोग जीवघेणा केला. बर्नार्ड किस्सुई आणि पॅकर यांनी २००४ मध्ये दाखवलं की विवरात सिंहांना अन्नाची वाण नव्हती. रोगराईने त्यांना खाली दाबून ठेवलं होतं. याचं खापर अंतःप्रजननावर, म्हणजे जवळच्या नातेवाइकांमधल्या प्रजननावर, फोडण्याचा मोह होतो. पण १९९४ मध्ये याच डिस्टेंपरने आणि याच बॅबेसियाने सेरेंगेटीतल्या भरपूर वैविध्य असलेल्या सिंहांपैकीही सुमारे एक तृतीयांश मारले होते. अरुंद वंश रोगाला जास्त बळी पडतो ही शंका रास्त आहे. मात्र दोन कारणं एकाच जागी, एकाच वेळी काम करत असताना त्यांना वेगळं काढणं एका विवराच्या नोंदींवरून होत नाही, आणि जो तसं ठामपणे सांगतो तो पुराव्याच्या पुढे धावतो.

बाहेरचं रक्त

उपाय दोन दिशांनी सुचवले जातात. बाहेरून सिंह आणून सोडणं हा एक. दक्षिण आफ्रिकेतल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानात, जिथले सिंह असेच मोजक्या पूर्वजांपासून आलेले होते, १९९९ ते २००१ या काळात बाहेरचे सिंह सोडले गेले आणि त्यांच्यापासून झालेली पिल्लं स्थानिकांच्या आपसातल्या पिल्लांपेक्षा चांगली जगली. न्गोरोंगोरोत हे करायचं तर आणलेल्या नरांना आधी तिथल्या युतीशी लढावं लागेल, आणि जिंकले तर ते आधीची पिल्लं मारतील.

दुसरा मार्ग सेरेंगेटी आणि विवर यांच्यामधल्या मासाई पशुपालकांच्या प्रदेशातून सिंहांची ये-जा पुन्हा सुरू होऊ देण्याचा. कोपेलायन ही संस्था त्या भागात मासाई तरुणांनाच सिंहांचे राखणदार म्हणून सोबत घेऊन काम करते: सिंह कुठे आहे ते गुराख्यांना कळवणं, हरवलेली गुरं शोधणं, गोठ्याची कुंपणं दुरुस्त करणं. मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. १९६४-६५ चे सात नरही स्वतःच्या पायांनी आले होते. ज्या प्रदेशातून येणाऱ्याला वाटेत भाला लागत नाही, तिथून पुन्हा कोणी तरी येण्याची शक्यता राहते.

आलेल्या नराचं यश मोजताना मात्र याच प्रकरणातली रीत वापरावी लागेल. तो कळपासोबत दिसला, त्याचं मीलन झालं, पिल्लं झाली, या तिन्ही नोंदींनी वंशावळीत फरक पडत नाही. त्याची मुलगी तीन-चार वर्षांची होऊन त्याच कळपात व्याली आणि तिची पिल्लं वर्षाची झाली, तेव्हा त्याचं रक्त विवरात रुजलं. लहान, तुटलेल्या समूहांसाठी आनुवंशिकीत एक जुना अंगठानियम आहे: दर पिढीला प्रजनन करणारा किमान एक पाहुणा. सिंहांच्या बाबतीत तो लावताना एक वजावट करावी लागते. सिंह भावाभावांनी येतात, आणि सख्ख्या भावांचा निम्मा वारसा सारखाच असतो. चार भावांची युती उतरली तर शिरगणतीत ते चार धरले जातील; वंशावळीच्या हिशोबात त्यांना चार धरता येणार नाही.